टायरला कोणता ऋतू कळतो?

मे महिना सरत आला की कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या टायरवाल्यांना जेवायलाही फुरसत मिळत नाही. उल्हासनगरपासून अंबरनाथच्या विम्को नाक्यापर्यंत आणि तिथून बदलापूरच्या वेशीपर्यंत जॅकवर चढलेल्या गाड्या दिसू लागतात. बुवापाड्यातून किंवा खुंटवलीतून आलेला गाडीमालक चाकाकडे बोट दाखवून विचारतो, ‘एवढा पावसाळा निघेल का?’ दुकानदार खाचेत नख घालून बघतो, मान हलवतो. मग नवा टायर घ्यायचा ठरलाच, तर हल्ली हमखास पुढचा प्रश्न येतो, ‘ऑल सीझन आहे ना?’ उत्तरही ठरलेले असते : ‘साहेब, आपल्याकडे सगळे ऑल सीझनच.’

उत्तर विक्रीच्या घाईतले असले, तरी खोटे नाही. फक्त त्यातला ‘सीझन’ कोणता, हे ना विकणारा सांगत, ना घेणारा विचारत.

ही भानगड मुळात थंडीची. तापमान उतरते तसे रबर कडक होत जाते. साध्या, म्हणजे उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठरते आणि रस्त्याला चिकटेनासे होते. हिवाळी टायरचे रबर मऊ असते, त्यात सिलिकाचे प्रमाण जास्त असते आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. या चिरांना ‘साइप’ म्हणतात. १९२३ साली अमेरिकेत जॉन साइप यांनी त्याचे पेटंट घेतले, तेच नाव टिकले. पण हा मऊ टायर उन्हाळ्यातल्या तापलेल्या डांबरावर भराभर झिजतो आणि ब्रेक मारल्यावर गाडी लांबवर जाते. म्हणून थंड देशांत वर्षातून दोनदा टायर बदलायचे. या कटकटीला कंटाळलेल्या अमेरिकी ग्राहकासाठी गुडइयरने १९७७ साली ‘टिएम्पो’ नावाचा रेडियल टायर आणला, आणि बारा महिने चालणाऱ्या टायरची बाजारपेठ तिथून फोफावली. दोन्हीकडचे थोडे घेतलेला आणि दोन्हीकडे थोडा कमी पडणारा, असा हा मधला मार्ग.

अशा टायरच्या कडेवर ‘एम अधिक एस’ अशी अक्षरे असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. गंमत अशी की ही अक्षरे नक्षीच्या आकारावरून मिळतात. बर्फावर चालवून बघण्याची अट त्याला नाही. खरी परीक्षा दिलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. ते १९९९ पासून वापरात आले. पुण्या-मुंबईहून जर्मनीत नोकरीला गेलेल्या मराठी कुटुंबांना हा फरक पहिल्याच हिवाळ्यात शिकावा लागतो. तिथे रस्त्यावर बर्फ किंवा हिमाचा थर असताना योग्य टायर नसेल तर किमान ६० युरो दंड होतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या ‘एम अधिक एस’ अक्षरांवर भागत नाही. डोंगराचे चिन्हच लागते. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, असा तिथला लोकप्रिय हिशेब आहे. काढलेले चार टायर ठेवायचे कुठे, हा फ्लॅटवाल्यांचा प्रश्न. त्यासाठी गॅरेजवाले भाड्याने जागा देतात आणि तिला चक्क ‘टायरचे हॉटेल’ म्हणतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत.

आता बदलापूर बघा. जानेवारीत इथला पारा दहा-बाराच्या आसपास उतरला तरी पेपरात बातमी येते आणि माणसे कानटोपी घालून लोकल पकडतात. ७ अंशांची वेळ येत नाही. त्यामुळे थंडीच्या अंगाने पाहिले तर दुकानदाराचे म्हणणे शंभर टक्के बरोबर : इथे उन्हाळी टायर बारा महिने चालतो. मात्र ज्या रबराला हिमाची भीती नाही, त्याला या पट्ट्यात तीन वेगळेच शत्रू आहेत : चार महिन्यांचे पाणी, एप्रिल-मेचे चाळिशीपार ऊन आणि वर्षभराचे खड्डे. चौथाही एक आहे, पण त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, त्याविषयी पुढे.

पाण्यापासून सुरुवात करू. ठाणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने बदलापुरात घरांचे तळमजले गिळले होते, आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. तेवढ्या पाण्यात टायर कसलाही असो, गाडी घरीच बरी. टायरचा खरा कस लागतो तो रोजच्या साध्या पावसात, रस्त्यावर दोन-तीन मिलिमीटर पाणी साचलेले असताना.

हजार किलोच्या छोट्या गाडीच्या प्रत्येक चाकावर साधारण अडीचशे किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो दाब. भागाकार केला तर चाकाचा रस्त्याला टेकणारा भाग भरतो जेमतेम ११० चौरस सेंटिमीटर, तळहाताएवढा. अख्खी गाडी अशा चार तळहातांवर चालते. स्विफ्टच्या १६५ मिलिमीटर रुंदीच्या टायरखाली तीन मिलिमीटर पाणी असेल आणि वेग ताशी ८० किलोमीटर असेल, तर त्या एका चाकाला दर सेकंदाला सुमारे ११ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. ते जाते खाचांतून. खाच उरली नसेल तर पाणी जाणार कुठे? ते टायरखाली पाचरीसारखे घुसते, गाडी पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. ‘गाडी एकदम हलकी झाली’ असे चालक सांगतात, ते हेच.

हे कोणत्या वेगाला होते, याचा एक जुना हिशेब आहे. १९६३ साली ‘नासा’चे वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून दाखवले की तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्यांचे सूत्र मोटारीला लावले तर ३२ पीएसआयला हा वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो; हवा २४ वर आली की तो ८२ पर्यंत उतरतो. मोटारीचा टायर विमानासारखा नसतो, त्यामुळे हे आकडे ढोबळ समजावेत. पण कल स्पष्ट आहे : हवा कमी तर पाण्यावरचा ताबा लवकर सुटतो. काटई-बदलापूर रस्त्यावर रात्री वाहतूक विरळ झाली की नेवाळी नाक्याच्या पुढे गाड्या सहज ऐंशीच्या वर जातात, आणि पाणी नेमके डाव्या कडेला साचलेले असते. अशा वेळी एका बाजूची चाके पाण्यात आणि दुसरी कोरड्यावर पडली, की गाडी पाण्याच्या दिशेने ओढली जाते. जुने चालक इथे ब्रेकला हात लावत नाहीत; ॲक्सिलरेटर सोडतात आणि स्टिअरिंग घट्ट धरून गाडीला आपोआप मंदावू देतात. पुस्तकी सल्लाही हाच आहे.

सगळ्यात फसवा असतो तो पहिला पाऊस. आठ महिने रस्त्यावर साठलेले ऑइल, डिझेल, रबराची भुकटी हे सगळे पहिल्या सरींबरोबर वर येते आणि त्याचा बुळबुळीत थर होतो. एमआयडीसीच्या रस्त्यांवर टँकर आणि ट्रेलरची ये-जा असल्याने तिथे तो जास्तच. दणक्याचा पाऊस झाला की रस्ता धुऊन निघतो आणि पकड पुन्हा सुधारते. म्हणजे जूनचा पहिला आठवडा जुलैच्या मुसळधारेपेक्षा घातक. गणित सांगायचे तर ताशी ६० किलोमीटरवर कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला २० मीटरच्या आसपास लागतात; पकड ओल्या रस्त्यासारखी घटली की तेच अंतर ३५ च्या घरात जाते. यात चालकाला ब्रेक मारायचे सुचेपर्यंत गेलेले १५-१७ मीटर धरलेले नाहीत.

कायद्याने मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर असते. मुख्य खाचांच्या तळाशी आडव्या छोट्या उंचवट्याची खूण असते. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. त्यापुढे गेलेल्या टायरला चालकांच्या भाषेत ‘गोटा’ म्हणतात. पण १.६ हा आकडा कायद्याचा, पावसाचा नाही. तीन मिलिमीटरच्या खाली खाच गेली की ओल्या रस्त्यावरची पकड झपाट्याने ढासळू लागते. एप्रिलमध्ये तीनवर आलेला टायर कागदोपत्री धडधाकट असतो. जुलैमध्ये मात्र तो फसवतो.

या पट्ट्यात दोन अगदी वेगळ्या जातीचे चालक आहेत, आणि टायरच्या त्यांच्या कहाण्याही उलट्यासुलट्या.

पहिला पिवळ्या पाटीवाला. वॅगनआर किंवा अर्टिगा, मागे सीएनजीची टाकी, पहाटे विमानतळाची वर्दी, दुपारी ठाणे, रात्री पुन्हा सीएनजीची रांग. टाकीचे साठ-सत्तर किलो कायम मागच्या चाकांवर, त्यात प्रवाशांच्या बॅगा. यांचे टायर म्हातारे होत नाहीत, झिजून जातात. अलाइनमेंट बिघडले तर एकाच कडेने झिजतात आणि आतली कड वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. हे लोक टायरच्या नावापेक्षा तो किती हजार किलोमीटर गेला, हे विचारतात. जास्त टिकणारा टायर बहुधा कडक रबराचा असतो आणि कडक रबर पावसात थोडे कमी धरते, ही तडजोड त्यांना अनुभवाने ठाऊक असते. पोटापाण्याचा हिशेब असल्याने ते बहुतेकदा टिकाऊपणाकडे झुकतात, आणि पावसात वेग उतरवतात. यात मूर्खपणा काही नाही.

दुसरा चालक रविवारचा. सोमवार ते शनिवार तो लोकलने जातो. गाडी सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये झाकण घालून उभी. रविवारी डोंबिवलीला सासरी, पावसाळ्यात एखादा कोंडेश्वर, बारवी किंवा माळशेजचा फेरा. मुंबईच्या उपनगरांपेक्षा अंबरनाथ-बदलापुरात ही जमात मोठी, कारण इथून कार्यालयात गाडीने जायचे म्हणजे तीन तास घालवायचे. यांच्या टायरची नक्षी पाच वर्षांनीही नव्यासारखी असते आणि तीच फसवते. हा तो चौथा शत्रू : नुसते उभे राहणे. ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन रबराला ठिसूळ करतात. चालत्या टायरमध्ये रबरातली संरक्षक द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात, उभ्या टायरमध्ये ती तितकी येत नाहीत. कडेच्या भिंतीवर केसाएवढ्या भेगा दिसू लागतात. आणि मग हाच टायर मे महिन्यात पाच माणसे, सामान, एसी लावून कोकणच्या वाटेला निघतो.

टायरचे वय मोजायला ज्योतिषी लागत नाही. कडेवर ‘डॉट’ या अक्षरांनंतर बरीच अक्षरे-आकडे असतात, त्यांतले शेवटचे चार बघायचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनचा सुरुवातीचा काळ. हे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत बसवलेली असेल तर बॅटरी घेऊन गाडीखाली डोकवावे लागते. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असो, निरोप, असा टायर उद्योगाचा सर्वसाधारण सल्ला आहे. दुकानात नवा म्हणून मिळणाराही कधी कधी दोन वर्षे गोदामात पडलेला असतो. पैसे देण्याआधी हे चार आकडे वाचणारा ग्राहक मात्र क्वचितच भेटतो. स्टेपनीचे आकडे तर कोणीच वाचत नाही.

हवेबद्दलचा एक समज या भागात अजून जिवंत आहे : ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो.’ तर्क वरवर पटतो. सकाळी २० अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर तापून ६० अंशांवर गेला तर दाब ३८ च्या आसपास चढतो. पण टायर बनवणाऱ्याने ही वाढ धरूनच आकडा ठरवलेला असतो. उलट हवा कमी असेल तर टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने उष्णता होते, उष्णतेने थर सुटतात, आणि टायर फुटतो तो याने. नायट्रोजनचाही असाच गाजावाजा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. कोरड्या नायट्रोजनचा थोडा फायदा आहे, पण दोन महिने दाब न बघणाऱ्याला तो वाचवू शकत नाही. किती हवा हवी, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते, पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा. पंपावर मात्र ‘किती भरू?’ या प्रश्नाला सगळ्या गाड्यांचे उत्तर एकच, ‘पस्तीस मार.’

वेग वाढला की या चुकांची किंमत वाढते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला हा महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पोचला. ७०१ किलोमीटर, बहुतांश काँक्रीट, मोटारींना ताशी १२० ची मुभा. आमणे म्हणजे बदलापूरकरांच्या जवळपास दारात. सुरुवातीच्या महिन्यांतच टायर फुटण्याच्या घटना इतक्या झाल्या की परिवहन विभागाने गोटा टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली. मात्र प्रत्येक अपघात टायरच्या माथी मारणेही बरोबर नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण दगावले, तेव्हा टायर फुटल्याचे चालकाने सांगितले होते. परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत तसा पुरावा मिळाला नाही. टायर बिचारा मुका, त्याच्यावर ढकलायला सोपा.

गावातले टायर फुटतात ते वेगळ्या कारणाने. खड्ड्याच्या कडेला टायर आदळतो, रिम आणि खड्डा यांच्यात भिंत चिमटते, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. याला इलाज नाही. फुगा आलेला टायर टाकायचाच. इथे टायरची उंची कामाला येते. जुन्या अल्टोचा १४५/८० मापाचा टायर घेतला तर भिंत ११६ मिलिमीटर. स्विफ्टच्या १६५/८० ला १३२. मोठ्या अलॉय रिमच्या हौसेपायी १९५/५५ लावला की १०७ उरतात. दिसायला गाडी झकास, पण जुलैमध्ये फॉरेस्ट नाक्याजवळच्या खड्ड्यात जे दणके बसतात ते रिमला. पंक्चरचे तसे नाही. ट्यूबलेस टायरमधला खिळा पकडीने उपसून, दातेरी टोच्याने भोक मोकळे करून, सोल्युशन लावलेली चिकट पट्टी आत सारायला पंक्चरवाल्याला दहा मिनिटे पुरतात. वर साबणाचे पाणी टाकून बुडबुडा येत नाही ना, एवढे बघायचे. पट्टी चालते ती फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात. भिंतीत मारलेली पट्टी म्हणजे सरळ जुगार, तरी ‘घरापर्यंत जाऊ द्या’ म्हणून ती मारून घेणारे आहेत.

दोनच टायर घ्यायची ऐपत असते तेव्हा ते पुढे लावायचे की मागे, यावर टायरच्या दुकानात हमखास वाद होतो. पुढची चाके गाडी ओढतात, वळवतात आणि जास्त झिजतात, म्हणून बहुतेक जण नवे पुढे लावून घेतात. टायर कंपन्यांचा सल्ला उलटा आहे : नवे मागे. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि चालकाला ते लगेच स्टिअरिंगवर कळते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला अनुभवी हातही कमी पडतो. माळशेजच्या ओल्या वळणांवर हा फरक पुस्तकातला राहत नाही.

इथल्या चालकांना खरोखर बर्फाचा अनुभव येतो तो मनालीला. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाल्यापासून महाराष्ट्र पासिंगच्या गाड्या हिवाळ्यातही लाहौलच्या बाजूला जाऊ लागल्या. एसयूव्हीच्या टायरवर ‘एम अधिक एस’ वाचून निर्धास्त झालेले काही जण सोलंगच्या चढावर गोठलेल्या रस्त्यात आडवे होतात. तिथले पोलीस बर्फाच्या दिवसांत फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात, ते उगाच नाही.

टायर हे या गावांना परके नाहीत. सिएटचा शेतीच्या आणि अवजड यंत्रांच्या रेडियल टायरचा कारखाना अंबरनाथमध्येच आहे. पण मोटारीचा टायर घेणाऱ्या इथल्या माणसाला एक साधी माहिती दुकानात मिळत नाही. युरोपात २०१२ पासून प्रत्येक टायरवर लेबल असते, आणि ओल्या रस्त्यावर तो किती धरतो हे त्यावर ए, बी अशा अक्षरात छापलेले असते. आपल्याकडे ‘एआयएस १४२’ हे मानक आले : १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरला आणि त्यानंतर २०२३ मध्ये जुन्या रचनांना ओल्या रस्त्यावरची पकड, लोळण-रोध (चाक फिरताना होणारा रोध) आणि आवाज यांची किमान पातळी बंधनकारक झाली. किमान पातळी गाठली की टायर पास. कोण काठावर आणि कोण पहिल्या वर्गात, हे ग्राहकाला दिसत नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे काही टायरांवर दिसू लागले आहेत, पण ते इंधन किती वाचेल हे सांगतात, पावसात गाडी कुठे थांबेल हे नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर टायर घेणारा बदलापूरकर अजून जुनीच युक्ती करतो : स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांपैकी ज्याच्या गाडीला तोच टायर आहे त्याला गाठतो, आणि गेल्या जुलैत तो काटई रोडला कसा चालला हे विचारून घेतो.